टॉर हे ‘म्हातारपणाचं जनुक’ नाही

‘यीस्टमधलं टॉर जनुक काढलं की आयुष्य वाढतं. म्हणजे म्हातारपणाचं जनुक सापडलं! उपवासानं किंवा रॅपामायसिन घेऊन ते बंद करा.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यातला एक कण खरा आहे, म्हणून बाकीचंही लोकांच्या गळी उतरतं.

मुळात यीस्टमध्ये टॉर एक नाही, दोन आहेत. 1991 मध्ये बाझेलला हाइटमन, मोव्वा आणि हॉल या संशोधकांना रॅपामायसिन या औषधाला दाद न देणाऱ्या यीस्टमधून ती सापडली. टॉर-1 काढलं तर पेशी जगते, टॉर-2 काढलं तर मरते. मग बंद करायचं ते कोणतं?

‘म्हातारपणाचं जनुक’ हे तर साफ चूक. टॉर हे किनेझ आहे, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं प्रथिन. ते इतर प्रथिनांशी जुळून दोन वेगळे गट, म्हणजे संकुलं बनवतं. नायट्रोजन आणि अमिनो आम्लं मुबलक असली की टॉरचं पहिलं संकुल एससीएच-9 या दुसऱ्या किनेझवर फॉस्फेट चढवतं, प्रथिनं बनवणारे रायबोसोम तयार होतात, पेशी वाढते. त्याच वेळी एटीजी-13 या प्रथिनावर फॉस्फेट चढवून ते पेशीला स्वतःचे भाग पचवण्यापासून रोखतं. नायट्रोजन संपला की हे सगळं उलटतं. टॉर वय मोजत नाही, अन्नाची खबर वाढीच्या यंत्रणेला देतं. दुसऱ्या संकुलात मात्र फक्त टॉर-2 असतं. ते पेशीतला अॅक्टिन या प्रथिनाचा सांगाडा सांभाळतं, म्हणून त्याच्याविना पेशी मरते.

टॉर-1 काढल्यावर यीस्टचं आयुष्य वाढल्याचं 2005 मध्ये दिसलं, हे खरं. पण तिथे मोजलं काय? एका मातृपेशीला किती कळ्या, म्हणजे नव्या पेशी फुटल्या ते. त्यावरून माणसाची वर्षं निघत नाहीत.

उपवासात इन्शुलिन उतरतं, आपल्या पेशींतलं टॉर मंदावतं. तरी आपलं शरीर स्नायूंमधून रक्तात अमिनो आम्लं सोडत राहतं. नायट्रोजन संपलेल्या यीस्टची ती अवस्था नव्हे.

सगळ्यात घातक सल्ला गोळीचा. 2009 मध्ये 600 दिवसांच्या उंदरांना रॅपामायसिन दिलं, तेव्हा 90 टक्के उंदीर मरेपर्यंतचं वय माद्यांत 14 आणि नरांत 9 टक्क्यांनी वाढलं. पण दीर्घकाळ दिल्यावर दुसऱ्या संकुलालाही झळ पोचते आणि उंदरांचं साखरेवरचं नियंत्रण बिघडतं. माणसांत हेच औषध सिरोलिमस या नावानं मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर देतात, प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. तोंड येणं, कोलेस्टेरॉल वाढणं, जखमा उशिरा भरणं, जंतुसंसर्ग हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते कुणीही घेऊ नये.