रूळ उखडले म्हणून जागा मोकळी होत नाही

‘मीटरगेज गेली, नॅरोगेज गेली, रेल्वेच्या जुन्या पट्ट्या मूळ मालकांना द्या, नाहीतर प्लॉट पाडा’ हे म्हणणं सांगली-मिरजेकडे सर्रास पुढे केलं जातं. तपासलं तर ते टिकत नाही.

तिथं पुन्हा गाडी येणार नाही म्हणतात. मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी ही बार्शी लाइट रेल्वेची, दोन रुळांत 762 मिलिमीटर अंतर असलेली नॅरोगेज होती. तिची वाट सलग हाती होती, म्हणून आज बव्हंशी तिथूनच ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची गाडी धावते. वळणांवर जादा जागा लागते, हे खरं: अंश जितके जास्त तितकं वळण तीव्र; नॅरोगेजला 40 अंशांपर्यंतचं वळण चालतं, ब्रॉडगेजला जास्तीत जास्त 10, म्हणजे 175 मीटर त्रिज्या. पण कोपरे घेणं वेगळं आणि अख्खी वाट नव्यानं घेणं वेगळं. वाट नव्यानं घ्यावी लागलेल्या लोणंद–फलटण–बारामतीचं बघा: मंजुरी नव्वदच्या दशकातली. फलटणला प्रवासी गाडी पोचली 2019 मध्ये आणि पुढचा टप्पा भूसंपादनात रखडला.

‘कायद्यानं जमीन परत मिळते’ हेही अर्धवट. 2013 च्या भूसंपादन कायद्याचं कलम 101 ताबा घेऊन पाच वर्षं न वापरलेल्या जमिनीसाठी आहे. जिच्यावर गाड्या धावल्या ती यात कशी बसेल? 1894 च्या जुन्या भूसंपादन कायद्यानं घेतलेली जमीन सरकारजमा झाली की मूळ मालकाचा हक्क उरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार म्हटलंय. संस्थानी हद्दीतली जागा कोणत्या हुकमानं दिली, ते मात्र जुन्या दफ्तरातच पाहावं लागेल.

सगळ्यात घातक सूचना ही: ‘रुळांपुरती पट्टी ठेवा, बाकीची वाटा.’ रूळ ज्या मातीच्या भरावावर बसतात, त्याचा माथा एकेरी ब्रॉडगेजला 7.85 मीटर रुंद लागतो. उतार दोनास एक (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) धरला तर दोन्ही बाजू मिळून चार मीटर उंच भरावाचा पायथा होतो 23.85 मीटर. त्यापुढं गटार, मोरीची (भरावाखालून पाणी जाण्याच्या वाटेची) तोंडं आणि देखभालीची वाट. पायथ्याशी कंपाउंड घातलं, मोरी बुजवली की पावसाचं पाणी वरच्या शेतात तुंबतं आणि भराव भिजून खचतो.

आधी भूमी अभिलेखकडून संयुक्त मोजणी करून हद्दीचे दगड रोवा. ती रेषा शहराच्या विकास आराखड्यात आणि शेजारच्या गावांच्या प्रादेशिक योजनेत एकसारखीच उतरली पाहिजे. एका नकाशात रेल्वे आणि दुसऱ्यात रहिवासी असेल, तर बांधकाम परवाना देणारा दुसराच नकाशा बघतो. पाण्याच्या, ड्रेनेजच्या लाइनी काटकोनात, केसिंग पाइपमधून (बाहेरच्या संरक्षक नळीतून) न्या. भरावाच्या लांबीनं टाकल्या तर उद्या त्या हलवायचा खर्च रुळांच्या कामावर चढतो. सायकल-पायवाट करा, पण करारानं, मुदतीसह.