‘नासाला सगळं ठाऊक होतं’ हा फॉरवर्ड नेमका कुठे चुकतो

जानेवारी सरत आला की हा मजकूर न चुकता उगवतो. यंदा मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरसाठी काढलेला ग्रुप आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी मजकुराचा सारांश असा: कोलंबिया यानाने उड्डाण केलं त्याच क्षणी नासाला कळून चुकलं होतं की कल्पना चावला आणि तिचे सहा साथीदार जिवंत परतणार नाहीत. त्यांना सांगायचं नाही असं ठरलं, कारण सांगून उपयोग नव्हता. वरच थांबले असते तर हवा संपून गुदमरले असते, उतरले असते तर जळाले असते. म्हणून त्यांना सोळा दिवस हसतखेळत काम करू दिलं, शेवटपर्यंत त्यांना काही कळलं नाही. हा गौप्यस्फोट मोहिमेचे प्रमुख वेन हेल यांनी केला. खाली पणती, जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांची भावना खरी असते, त्यावर माझं काही म्हणणं नाही. मजकुरातलं मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे घसरलंय.

‘उड्डाण होताच कळलं’ इथपासून सुरुवात करू. 16 जानेवारी 2003 रोजी फ्लोरिडातून कोलंबिया निघालं आणि 1 फेब्रुवारीला परतताना वाटेतच फुटलं. साधारण 82व्या सेकंदाला इंधनाच्या मोठ्या नारिंगी टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. टाकीत अतिथंड द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, तो गार राहावा म्हणून बाहेरून हा फोम फवारलेला असतो. तुकडा जेमतेम पाऊण किलोचा, पण यान इतक्या वेगात होतं की धडक ताशी 800 किलोमीटरच्या आसपास बसली. त्या क्षणी हे कोणालाही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी फिल्म तपासताना लक्षात आलं. ज्या कोनातून पंख सर्वांत नीट दिसला असता, त्या कॅमेऱ्याचा नेमका फोकस बिघडलेला. बाकी फिल्ममध्ये एक तुकडा पंखाखाली जाताना आणि पांढरा भुगा उडताना दिसला, एवढंच. काही लागलं हे कळलं. कुठे लागलं, फुटलं की नुसतं खरचटलं, हे त्या चित्रांवरून कोणीच सांगू शकत नव्हतं.

खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि ती फॉरवर्डपेक्षा जास्त संतापजनक आहे.

फिल्म पाहून काही अभियंते अस्वस्थ झाले. त्यांना पंखाचे जवळून काढलेले फोटो हवे होते. अमेरिकी लष्कराकडचे उपग्रह आणि दुर्बिणी वापरून ते निदान प्रयत्न करण्यासारखं होतं. अशी मागणी वेगवेगळ्या वाटांनी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा विरून गेली. मोहिमेच्या व्यवस्थापन बैठका चालवणाऱ्या लिंडा हॅम यांनी चौकशी केली की ही मागणी अधिकृतपणे कोणी केली आहे. कोणाचं नाव ठामपणे पुढे आलं नाही, तेव्हा लष्कराला ‘नको’ कळवलं गेलं. रॉडनी रोशा या अभियंत्याने हा नकार बेजबाबदारपणाच्या काठावरचा आहे अशा आशयाचा खरमरीत ईमेल लिहिला, आणि वरिष्ठांना पाठवलाच नाही. सरकारी असो की खाजगी, आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत काम केलेल्याला तो न पाठवलेला ईमेल ओळखीचा वाटेल.

फोटोंची मागणी करणाऱ्यांच्या या यादीत एक नाव आहे वेन हेल यांचं. फॉरवर्ड ज्यांना गौप्यस्फोट करणारे ‘मोहिमेचे प्रमुख’ म्हणतो तेच. ते तेव्हा प्रमुख नव्हते, शटल, म्हणजे कोलंबियासारख्या पुन्हा पुन्हा वापरायच्या यानांच्या, कार्यक्रमाची सूत्रं रॉन डिटमोर यांच्याकडे होती. हेल यांच्याकडे ती आली 2005 मध्ये. त्यांनी स्वतः फोटोंसाठी लष्कराच्या प्रतिनिधीला फोन केला होता. मृत्यू अटळ आहे हे ज्याला ठाऊक, तो फोटो कशाला मागेल?

मग फोटो नाकारणाऱ्यांना ठाऊक होतं का? त्यांना ते जाणूनच घ्यायचं नव्हतं, आणि त्याला सवय कारण होती. फोम पडणं ही त्यांच्या लेखी रोजचीच बाब झाली होती. 1988 मध्ये तर बाजूच्या बूस्टर रॉकेटच्या टोकावरचं आवरण आदळून अटलांटिस यान खालच्या सातशेहून अधिक उष्णतारोधक टाइल्स खराब करून परतलं, पण परतलं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर 2002 मध्ये, टाकीच्या त्याच भागातून फोम सुटून बूस्टरवर आदळला होता. तरी उड्डाणं चालूच राहिली. आजवर काही झालं नाही, म्हणजे काही होत नाही! 1986 मध्ये चॅलेंजर याच तर्काने गेलं, फक्त तिथे फोमच्या जागी रबरी कडं होतं. त्यात या वेळी हिशेबाला जे सॉफ्टवेअर वापरलं ते अगदी छोट्या तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेलं, आणि हा तुकडा त्यांच्या शेकडो पट मोठा. तरीही निष्कर्ष निघाला: सुरक्षेला धोका नाही.

फोम इतका हलका की तो पंखाच्या पुढच्या कडेची कार्बनची कठीण पट्टी फोडेल यावर भल्याभल्यांचा अपघातानंतरही विश्वास बसत नव्हता. शेवटी जुलै 2003 मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत प्रयोग केला गेला. खऱ्या शटलच्या पंखाची आठव्या क्रमांकाची पट्टी लावली आणि हवेच्या दाबाच्या तोफेतून तेवढाच फोम तिच्यावर मारला. पट्टीला सुमारे 40 सेंटिमीटरचं भगदाड पडलं. बघणाऱ्यांच्या तोंडून आवाज फुटला म्हणतात. सगळं आधीच ठाऊक असलेली माणसं अशी दचकत नाहीत.

‘अंतराळवीरांपासून लपवलं’ हा आरोप तर कागदोपत्रीच टिकत नाही. 23 जानेवारीला ह्यूस्टनमधल्या नियंत्रण केंद्रातून कमांडर रिक हजबंड आणि पायलट विल्यम मकूल यांना ईमेल गेला. फोम लागलाय, तज्ज्ञांनी फिल्म पाहिली आहे, उतरण्याबाबत काहीही चिंता नाही, असं त्यात होतं. वर असंही की खरं तर सांगण्यासारखंही काही नाही, पण पत्रकारांनी विचारलं तर तुम्ही गोंधळू नये म्हणून कळवतोय. हजबंड यांनी आभार मानले. म्हणजे बातमी पोचली होती. तिचं वजन मात्र पाठवणाऱ्यालाच कळलं नव्हतं.

मग गुदमरून मरण्याचं ते वाक्य आलं कुठून? हेल यांनी 2013 मध्ये, दहा वर्षांनी, एक आठवण लिहिली. मोहीम चालू असताना एका वरिष्ठ सहकाऱ्याशी बोलणं झालं. तो सहकारी म्हणाला, उष्णतारोधक कवच खरंच फुटलं असेल तर आपण काहीच करू शकत नाही. अशा वेळी वीरांना कळू न देणंच बरं नाही का? ‘असेल तर’ हे दोन शब्द बातम्यांच्या मथळ्यांत गळाले आणि ध चा मा झाला. हेल यांनी पुढे स्पष्टही केलं की यान फुटलंय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. तो खुलासा अर्थातच कोणी फॉरवर्ड केला नाही.

या आठवणीतली भयानक गोष्ट वेगळीच आहे. ‘काहीच करता येणार नाही’ हे तपासण्याआधीच गृहीत धरलेलं. 21 जानेवारीच्या बैठकीत हॅमही साधारण हेच बोलल्याची नोंद आहे. करता येण्यासारखं काही नाही, म्हणून बघायचं नाही. दृष्टीआड सृष्टी. आणि आपला फॉरवर्ड नासाला शिव्या घालता घालता नासाची तीच चूक मान डोलावून मान्य करतो: ‘सांगून उपयोग नव्हता’.

उपयोग नव्हता हे खरं आहे का? अर्धं. कोलंबिया अंतराळ स्थानकापर्यंत पोचू शकत नव्हतं. त्याची कक्षा वेगळी होती, ती बदलण्याइतकं इंधन नव्हतं, तिथे जोडण्याची सोयही नव्हती. पण ॲडमिरल हॅरॉल्ड गेमन यांच्या चौकशी मंडळाने नासालाच हिशेब मांडायला लावला. अटलांटिस तेव्हा 1 मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. भगदाड पहिल्या काही दिवसांत दिसलं असतं आणि चोवीस तास काम केलं असतं, तर चाचण्या न गाळता ते 10 फेब्रुवारीच्या सुमारास निघू शकलं असतं. कोलंबियातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा साठा काटकसरीने 15 फेब्रुवारीपर्यंत पुरला असता. दोन्ही यानं शेजारी उभी करून, स्पेससूट घालून, सात जणांना एकेक करत पलीकडे न्यायचं. अवघड, जोखमीचं, पण शक्य, असा मंडळाचा निष्कर्ष. अटलांटिसच्या टाकीवर तोच फोम होता हे विसरून चालणार नाही, त्यामुळे ‘वाचलेच असते’ असं मी म्हणणार नाही. पण प्रयत्न करायला आधी भगदाड दिसायला हवं होतं.

2005 मध्ये शटल पुन्हा उडू लागलं तेव्हा प्रत्येक यानाचा पंख लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्याने तपासला जाऊ लागला. स्थानकापाशी पोचल्यावर यान कोलांटी घेऊन पोट दाखवायचं आणि आतले सहकारी धडाधड फोटो काढायचे. 2009 मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला अटलांटिस गेलं, तिथून स्थानक गाठणं शक्य नव्हतं, म्हणून दुसरं यान सुटकेसाठी तयार उभं होतं. काहीच करता येत नाही म्हणणाऱ्यांनीच हे सगळं केलं.

राहता राहिलं ‘त्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही’. 1 फेब्रुवारीच्या सकाळी 8:54 ला, फ्लोरिडातल्या धावपट्टीवर घरची माणसं वाट बघत असताना, ह्यूस्टनमधल्या एका नियंत्रकाच्या पडद्यावर डाव्या पंखातले चार तापमानमापक गप्प झाले. त्याने फ्लाइट डायरेक्टरला कळवलं. डायरेक्टरने विचारलं, चौघांत काही समान धागा आहे का? उत्तर: नाही. मृत्यूची वेळ ठाऊक असलेल्या खोलीत असा संवाद होत नाही. 8:59 ला हजबंड यांचं शेवटचं, अर्धवट तुटलेलं वाक्य आलं. भारतात तेव्हा शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजत आले होते.

त्यानंतर यान भरकटायला लागलं, आणि वर सगळं समजत होतं. नासाने 2008 च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालात टेक्सासमध्ये सापडलेल्या एका पॅनेलचा उल्लेख आहे. त्यावरची बटणं ज्या स्थितीत होती त्यावरून दिसतं की बंद पडलेली हायड्रॉलिक यंत्रणा पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला होता. पॅनेल पायलटच्या उजव्या हाताचं. कल्पना या उड्डाणात फ्लाइट इंजिनिअर होती, तिची जागा कमांडर आणि पायलट यांच्या लगेच मागे. हातात वेळ उरला होता साधारण चाळीस सेकंदांचा, आणि मकूल बटणं दाबत होते.