दाभोळात जागा बघायला

परवा दाभोळला, मी शेतकरी नाही म्हणून माझी कीव करण्यात आली. अजून खुपतंय.

खाडीपलीकडच्या धोपाव्याची फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली होती. गाडी रांगेत, बायको गाडीत, आणि मी ‘आलोच’ म्हणून अंडा मशिदीकडे. विजापूरची राजकन्या आयशाबीबी मक्केला निघाली, चाच्यांच्या भीतीने इथेच अडकली आणि यात्रेचे पैसे तिने या मशिदीत घातले, असं सांगतात. साल १६५९-६०. म्हणजे बोट हुकलेली मी पहिली व्यक्ती नव्हे.

पायरीवर पाय ठेवतोय तोच कठड्यावरचे काका म्हणाले, “जागा बघायला?”

“नाही हो, मशीद बघायला.”

“ही काय. बघितलीत?”

“बघायचीय अजून.”

“चार मिनार, मधे घुमट. झालं. आता जागा बोला. खाडीकडची की वरची?”

मी आदिलशाही, विजापुरी कमान वगैरे बोलून पाहिलं. काकांनी पेशंट भ्रमात बरळतोय अशा चेहऱ्याने ऐकून घेतलं. “पुण्याचे ना?”

“हो.”

“मग!” खटला निकालात. “शेतकरी दाखला आहे?”

“नाही.”

“वडिलांच्या नावावर?”

“नाही.”

“आजोबांच्या? सासऱ्यांकडून काही?”

माझी तीन पिढ्यांची कफल्लक कुंडली त्या पायऱ्यांवर उघडी पडली. दाखल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मला घ्यायचीच नव्हती! तरी मी ओशाळलो, हे जास्त लागलं. “बघू, एनएची, म्हणजे बिगरशेती, एक आहे,” असं म्हणून काकांनी फोन लावला. दहा मिनिटांत सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन एक तरुण स्कूटरवरून हजर. मला धड घुमटसुद्धा बघू दिला नाही.

आणि त्यांचं तरी काय चुकलं? कोकणात हल्ली देवळांपेक्षा ‘सी फेसिंग प्लॉट’च्याच पाट्या जास्त दिसतात. आमच्यासारखेच येतात, माडाखाली उभे राहून दर विचारतात, कुंपण घालतात आणि वर्षातून चार दिवस राहतात. एके काळी घोडे उतरायचे या बंदरात. आता लोक गुहागरला जायला इथे रांग लावतात, तेवढंच. मी तरी बोट मिळाली असती तर थांबलो असतो का? डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्मेडाने हे बंदर लुटून जाळलं. त्याला कुणी दाखला विचारला नसणार.

भोंगा वाजला. झेरॉक्स खिशात कोंबून धावलो. बोटीवर बायकोला सगळं तावातावाने सांगितलं. तिने कागद उलगडला, खाडीकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

“पाण्याची सोय आहे का, विचारलंस?”