झूम होतं का?

सकाळी साडेसहाला मी सोसायटीच्या बागेत पालथी पडले होते. कोपरं मातीत, हनुवटी दुर्वांत आणि श्वास रोखलेला. लेन्सच्या टोकापासून चार सेंटिमीटरवर एक चतुर गवताच्या पात्याला धरून बसला होता. अंगावर दव, पंख ओले. ऊन चढून अंगात ऊब येईपर्यंत हे कीटक हलत नाहीत, म्हणून त्यांचे फोटो काढणाऱ्यांनी ऊन चढायच्या आत उठायचं असतं. त्याच्या डोळ्यातले हजारो बारीक कप्पे दिसू लागले, मी बटण दाबणार, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली. मला नव्हे, वॉचमनला.

“अहो धावा, ए विंगमधल्या मॅडम पडल्यात!”

वॉचमन धावला. चतुर उडाला. मी गुडघे झटकत उभी राहिले. मी धडधाकट आहे म्हटल्यावर काकूंची किंचित निराशा झाली. कॅमेऱ्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, “एवढा मोठा कॅमेरा असून लोळायचं कशाला गं? झूम होत नाही का त्यात?”

होत नाही. माझ्याकडे दोन लेन्स आहेत आणि दोन्हींत होत नाही. ऑटोफोकसही नाही. दोन्ही जुन्या बाजारातून घेतल्या, तरी त्यांच्या पैशांत एक बरी स्कूटर आली असती. आली नाही, हे घरात महिन्यातून एकदा निघतंच. नवऱ्याचा मुद्दा तसा बिनतोड आहे. तो म्हणतो, “एक लेन्स इमारतींसाठी, एक मुंग्यांसाठी. मधल्या आकाराची माणसं असतात, त्यांचं काय?”

माणसांचे फोटो काढायला फोन आहे, असं मी म्हणते. मग तो फोन दाखवून विचारतो, “मग इमारतींना काय धाड भरलीय?”

त्याला काय कळणार! उंच इमारतीसमोर उभं राहून कॅमेरा वर केला की तिच्या दोन्ही बाजू वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. माझ्या इमारतींच्या लेन्सची, म्हणजे टिल्ट-शिफ्ट लेन्सची, गंमत अशी की कॅमेरा ओळंब्यात सरळ ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. माझी चोवीस मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स बारा मिलिमीटर सरकते. ती चित्राचं वर्तुळच मुळी ६७ मिलिमीटरचं पाडते आणि चित्र टिपणाऱ्या चौकोनी सेन्सरचा कर्ण ४३. करंजीला पोळी मोठी लाटली की वाटी कुठेही सरकवून पारी कापता येते, तसंच हे. सासूबाईंना हे एका वाक्यात कळलं. नवऱ्याला अजून कळलेलं नाही, कारण तो करंज्या फक्त खातो.

या लेन्सचं उद्घाटन मी विश्रामबाग वाड्यावर केलं. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला वाडा, दर्शनी बाजूला लाकडी सुरूदार खांब, कोरीव काम, आणि पुढ्यात बाजीराव रस्ता. मागे सरकायला जागा म्हणाल तर समोरचा फूटपाथ. तोही वाटेल तेवढा रुंद नाही. रहदारी नको म्हणून रविवारी सकाळी सातला पोचले. ट्रायपॉड उभा केला, पातळी दाखवणारा पाण्याचा बुडबुडा मध्ये आणला, एका डोळ्याने आत बघू लागले. पाच मिनिटांत माझ्यामागे चार माणसं उभी.

“ताई, सर्व्हे का?”

“नाही हो, फोटो काढतेय.”

“सांगा की. किती फूट जाणार?”

पुण्यात तीन पायांवर काहीही उभं केलं की ते रस्तारुंदीचं यंत्र असतं. मी लेन्स वर सरकवायची चकती फिरवली, तर एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणाले, “वरचा मजलापण धरतायत.” मी त्यांना लेन्स दाखवली, वाड्याच्या उभ्या रेषा कशा सरळ राहतात ते दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण तुम्ही कॉर्पोरेशनच्या की खाजगी?”

बरोबर मध्यभागी विजेचा खांब होता. तिथे या लेन्सने खरी किमया केली. खांबाच्या एका बाजूला जाऊन उभं राहायचं, कॅमेरा वाड्याला समांतरच ठेवायचा आणि लेन्स आडवी सरकवायची. खांब चौकटीच्या कडेला गेला आणि वाडा समोरून काढल्यासारखा आला. म्हणजे येणार होता. तेवढ्यात बस आली आणि सिग्नलला उभी राहिली. फोटोत विश्रामबाग वाड्याचा वरचा मजला आहे आणि खाली बसच्या खिडकीत बसलेले एक आजोबा माझ्याकडे संशयाने बघतायत. तेही अगदी ओळंब्यात.

हे सगळं फोनमध्ये दोन सेकंदांत सरळ होतं, हे माझ्या मुलाने मला तीनदा करून दाखवलंय. होतं, नाही कशाला म्हणू? पण चित्र ताणलं जातं, कडा कापल्या जातात, आणि अरुंद बोळात जो खांब चौकटीत मावावा म्हणून आपण भिंतीला पाठ टेकवली तोच आधी कापला जातो. हे मी त्याला समजावते तेव्हा तो “हो आई” म्हणतो. ते “हो आई” मला चांगलं ओळखता येतं.

टिल्ट-शिफ्टमधलं टिल्ट हे प्रकरण वेगळं. त्यात लेन्स सरकत नाही, वाकते. ती कशी वाकवायची याचा नियम शाइम्प्फ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्याला आकाशातून घेतलेले तिरके फोटो सरळ करून त्यांचे नकाशे बनवायचे होते आणि त्यासाठी त्याने १९०४ मध्ये पेटंट घेतलं. नियम असा की सेन्सरची, लेन्सची आणि समोरच्या वस्तूची अशी तिन्ही प्रतलं एका रेषेत भेटली की ती वस्तू या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट दिसते. तीन वेगवेगळ्या दिशांची प्रतलं एका जागी भेटतात, हे वाचून मी थक्क झाले होते. आमच्या सोसायटीच्या सभेत ए, बी आणि सी विंगचं हे आजवर जमलेलं नाही.

दुसरी लेन्स मुंग्यांची. पासष्ट मिलिमीटरची, कॅननने १९९९ मध्ये बाजारात आणलेली. ती वस्तू एकपट ते पाचपट मोठी दाखवते आणि याखेरीज काहीही करत नाही. पाचपटीला तांदळाचा एक दाणा चौकट भरून टाकतो. त्या वेळी स्पष्ट दिसणारी जाडी, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं असेल तर, मिलिमीटरचा विसावा भाग. कागद त्याहून जाड असतो. फोकसची चकती नाही, म्हणून फोकस करायचं म्हणजे आपणच पुढे-मागे व्हायचं. श्वास घेतला की माशीचा डोळा स्पष्ट, सोडला की तिची पाठ.

आणि चार बोटांपलीकडचं या लेन्सला दिसत नाही. हे मी नणंदेला नीट सांगितलं होतं. तिने “बघ, जमेल तसं” म्हणत बारशाचे फोटो माझ्यावर सोपवले. इमारतींची लेन्स त्या दिवशी साफसफाईला दुकानात होती. तेव्हा बारशाच्या अल्बममध्ये आहेत बाळाच्या पापण्या, कुंचीचा एक टाका, घुगऱ्यांतला एक हरभरा आणि आत्याच्या नथीतला एकुलता एक मोती. पाळण्याचा फोटो नाही. बाळाचाही, सलग असा, नाही. नणंद अजून बोलते माझ्याशी, फक्त फोटोंबद्दल बोलत नाही.

घरात माझ्या बाजूने एकट्या सासूबाई. त्यांच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर एक दिवस पक्ष्याची शीट दिसली. पुसायला गेल्या तर शीट चालायला लागली. बहुरूपी नावाच्या फुलपाखराचं सुरवंट लहानपणी हुबेहूब शिटेसारखंच दिसतं, मोठं झालं की हिरवं होतं. ते हिरवं झालं आणि मी लेन्स घेऊन त्याच्यासमोर ठाण मांडलं. लेन्स जवळ गेली, तसं त्याने डोक्यामागून लाल, ओलसर, दुबेळक्यासारखं एक शिंग बाहेर काढलं आणि कुजक्या लिंबासारखा वास सोडला. पाचपटीला ते शिंग चौकटीतही मावेना. मी दचकून मागे झाले आणि तुळशीवर आदळले.

“चिडलंय,” सासूबाई म्हणाल्या. “खाताना कुणी तोंडात कॅमेरा घातला तर मीपण चिडेन.” तीन आठवडे आमच्या पोह्यांत कढीपत्ता नव्हता. नवरा काही बोलला नाही, नुसता पोह्यांकडे आणि मग लेन्सकडे बघायचा.

एके दिवशी सुरवंट कुंडीवरून नाहीसं झालं. शोधलं तर गॅलरीत उभ्या ठेवलेल्या माझ्या ट्रायपॉडच्या पायाला त्याने कोष केला होता, कमरेला रेशमाचा दोरा बांधून. आता दहा-बारा दिवस ट्रायपॉड हलवायची सोय नव्हती. आणि नेमकं तेव्हाच सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी मला गाठलं. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, रौप्यमहोत्सवी पत्रिकेवर बी विंगचा फोटो हवा होता. “तुमच्याकडे इमारतीची लेन्स आहे म्हणे. सरळ येतं सगळं.”

रविवारी सकाळी गेटबाहेरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर कॅमेरा ठेवला. त्याने कोळशाची इस्त्री बाजूला सरकवली आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून ते माझ्या पातळीच्या बुडबुड्याशी जुळवून दिलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात समंजस सहायक तो. फोटो काढला, सगळ्यांना दाखवला. गच्चीचा कठडा उजवीकडे झुकलेला.

“एवढ्या महागाच्या लेन्सने पण वाकडंच?” सेक्रेटरी काका म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “ट्रायपॉड नव्हता ना, त्यामुळे.” एकाने इस्त्रीवाल्याच्या टेबलाला दोष दिला, एकाने कोळशाच्या उष्णतेला. मी म्हणाले, लेन्स सरळ आहे, कठडा वाकडा आहे. त्यावर जी शांतता पसरली तिच्यात रौप्यमहोत्सवाचा उत्साह थोडा ओसरला. सी विंगच्या पायऱ्यांचं काम चालू होतं, तिथल्या गवंड्याला बोलावलं. तो गच्चीवर चढला, कठड्यावरून ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं आणि वरूनच ओरडला, “दीड इंच भायेर हाय!”

सेक्रेटरी काकांनी घाम पुसला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, हे सोसायटीच्या उपविधीतच आहे, असं कुणीतरी म्हणालं. पंचवीस वर्षांत किती झाली, असं दुसऱ्याने विचारलं. काका मला बाजूला घेऊन गेले.

“ते आपण बघू कमिटीत. तुम्ही फोटोत तरी सरळ करा की.”

तेवढ्यात वरून सासूबाईंची हाक आली. “अगं ये लवकर, निघालं ते!”

मी तीन जिने धावले. कोष उघडा पडला होता आणि ट्रायपॉडच्या पायाला धरून बहुरूपी बसली होती, काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, पंख पुरते उलगडून वाळवत. कॅमेऱ्यावर इमारतींची लेन्स. मुंग्यांची कपाटात, आतल्या पिशवीत, पिशवीची चेन अडकलेली. ती काढून, बदलून, परत येईपर्यंत बहुरूपी नारळाच्या झाडाच्या वर होती.

सासूबाईंनी त्यांचा फोन पुढे केला. फोटोत बहुरूपी होती, दोन्ही मिशांसकट, आणि पंखांवरचा प्रत्येक ठिपका मोजून घ्यावा असा. तिच्यामागे बी विंगची गच्चीही आली होती. वाकडीच.

“थोडं झूम केलं,” त्या म्हणाल्या.