पुडी स्वस्त आहे, पण हिशेब तेवढाच नाही

बारा वर्षं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, सिस्टर आहे, तरी कमी दिवसांच्या बाळाचं पोट फुगलं की अजून माझ्या हातापायांतलं बळ जातं. नळीने एकेक मिली करत दूध वाढवत आणलेलं असतं. दुपारच्या फीडआधी सिरिंज ओढावी तर हिरवं येतं, टेप लावावी तर पोटाचा घेर वाढलेला. हे एनईसी. आतड्याला सूज येते, काही बाळांचं आतडं सडून छिद्र पडतं. मग दूध बंद, सलाइन, अँटिबायोटिक, एक्स-रे मागून एक्स-रे, कधी ऑपरेशन. आणि बाळ असतं जेमतेम किलोभराचं.

परवा एका बाळाच्या बाबांनी मोबाइल पुढे केला. "सिस्टर, ही प्रोबायोटिकची, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंची पुडी आधी दिली असती तर हे टळलं असतं का?"

एका बाळाबद्दल असं कुणालाच सांगता येत नाही. पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या, दीड किलोच्या आतल्या १,०९९ बाळांचा अभ्यास झाला. २०१३ साली आलेला निकाल असा: प्रोबायोटिक न मिळालेल्यांत शंभरात ४.४ जणांना एनईसी, मिळालेल्यांत २. म्हणजे साधारण ४३ बाळांना दिलं की एकाचं टळतं. एका पारड्यात ४३ बाळांच्या पुड्या, दुसऱ्यात एका बाळाचे वाढलेले एनआयसीयूचे दिवस. बिलं भरताना आईबापांचे चेहरे मी पाहिलेत, कुठलं पारडं जड ते मला माहीत आहे.

तरीही मेडिकलमधून दिसेल ती पुडी आणा, असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये वेगळा जंतू वापरून १,३१० बाळांवर अभ्यास झाला, २०१६ साली निकाल आला, फरक काहीच नाही. अमेरिकेत २०२३ साली प्रोबायोटिकमधलाच जंतू रक्तात जाऊन एक बाळ दगावलं, तिथल्या औषध नियंत्रक संस्थेला, एफडीएला, डॉक्टरांना इशारा द्यावा लागला. म्हणून सरकारने जंतू ठरवून, प्रत्येक बॅच तपासून पुडी पुरवावी आणि तपासणीचा खर्च पुडीच्या किमतीतच धरावा. तो धरूनही हे परवडेल, असं माझं ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये ३२ आठवड्यांआधीच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याचा विचार करता येईल म्हटलंय, पण आईच्या दुधावर असलेल्या बाळांना. दूध आधी. आपल्या सायन हॉस्पिटलात १९८९ पासून इतर आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी आहे, आणि आजही कितीतरी ठिकाणी आईला दूध आलं नाही की पावडरच्या दुधाचा डबा उघडला जातो!

त्या बाळाचं दूध आज पुन्हा सुरू केलं. फीड बंद होतं तेव्हाही त्याची आई दर तीन तासांनी दूध काढून वाटी घेऊन दाराशी यायची. आज त्यातलं एक मिली मी नळीत सोडलं. ती काचेला हात लावून उभी होती.