मुंगीला बँकेचा हप्ता नसतो

आज २६ तारीख, म्हणून बायबलमधल्या नीतिसूत्रांचा २६वा अध्याय. ही सवय माझ्या वडिलांची. नीतिसूत्रांचे अध्याय ३१, महिन्याचे दिवसही साधारण तेवढेच, तेव्हा तारखेचा अध्याय सकाळच्या चहाआधी वाचून काढायचा. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी दोन अध्याय. फेब्रुवारीच्या २८ तारखेला एकदम चार, आणि त्या दिवशी चहा हमखास गार.

वडील गोवा मुक्तीनंतर नगर जिल्ह्यातून डिचोलीकडे आले, खाणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून. घरात बायबल मराठी, गाणी मराठी, प्रार्थना मराठी. अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, 'गोव्यातले ख्रिस्ती आणि मराठीत प्रार्थना?' त्यांना मी सांगतो, सासष्टीत रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओवीबद्ध मराठीत. चारशे वर्षं झाली, आता तरी आश्चर्य वाटू नये. असो, विषय तो नाही.

विषय २६वा अध्याय. त्यात एक गंमत आहे. चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर देऊ नकोस, देशील तर तूही त्याच्यासारखाच होशील. त्याला लागूनच पाचवं म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाला साजेसं उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. (सगळी वचनं माझ्या शब्दांत सांगतोय, छापील पानाशी ताडून भांडायला येऊ नका.) शाळेत असताना मला वाटलं, छापताना घोळ झाला. वडिलांना दाखवलं. ते तेव्हा सायकलची चेन बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "दोन्ही पाने पेटीत लागतात. नट बघायचा आणि मग पाना काढायचा."

बायबलवर मी पुढे बरीच प्रवचनं ऐकली, चांगली चांगली. या उत्तराच्या जवळपास जाणारं फार थोडं ऐकलं.

आपल्या म्हणींचं तरी दुसरं काय आहे? शुभस्य शीघ्रम् म्हणणारे आपणच आणि अति घाई संकटात नेई म्हणणारेही आपणच. यातलं खरं कुठलं, असं कोणी विचारत नाही. वेळ बघून बोलतात. मग म्हण बायबलमध्ये आली की तिचा सरकारी जीआर का होतो? जीआर सगळ्यांना सारखा लागू. नीतिसूत्रं तशी नाहीत.

हे मला आज कळतंय असं लिहिलं तर खोटं होईल. पण कळायला जेवढा उशीर लागला त्याची किंमत माझ्या शेजाऱ्याने मोजली. ती गोष्ट सांगतो.

२०१० चा सुमार. आमच्या भागात तेव्हा खनिजाचा धंदा ऐन भरात होता. सकाळी ट्रकांची रांग लागायची, बायकांनी वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत तांबडे. शेजाऱ्याचा एक ट्रक होता, त्याला दुसरा घ्यायचा होता. कर्जाला जामीन हवा होता. मी शिक्षक, पगार ठरलेला, त्यामुळे तो माझ्याकडे आला. मी त्याला सहावा अध्याय सांगितला. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर फासेपारध्याच्या हातून पाखरू सुटतं तसा सुटून ये, असं त्यात आहे. मी हिंदू माणसाला बायबल दाखवून नकार दिला, आणि त्याने तो मानला. "तुमच्या देवानच सांगलां जाल्यार कितें करतलो, मास्तर," म्हणाला. त्याला दुसरा कोणी जामीन मिळाला. ट्रक आला, नारळ फुटला, पेढे आमच्याकडेही आले.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचीही बंदी आली. दोन्ही ट्रक घरासमोर उभे. एखादा महिना असेल असं सगळ्यांना वाटलं. पावसाळा गेला, उन्हाळा आला, पुन्हा पावसाळा. ताडपत्री फाटली, टायर तांबड्या मातीत रुतले, एका ट्रकच्या आरशावर कसलासा वेल चढला आणि त्याला निळी फुलं आली. बँकेची माणसं मोटारसायकलवरून यायची.

२०१३च्या मे महिन्यात आमच्याकडे पुरुमेंताची गडबड चालली होती. गोव्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो, पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी मासळी, सोलां, मिरच्या, चिंच, कांद्याच्या माळा, तांदूळ. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी गच्च भरलेल्या दोन पिशव्या घेऊन उतरलो. शेजारी पायरीवर बसलेला. पिशव्यांतून सुक्या बांगड्यांचा वास येत होता. मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी त्याला मुंगीचं वचन ऐकवलं. तेही सहाव्याच अध्यायात आहे: आळशा, मुंगीकडे जा, तिचे रिवाज पाहा, तिला ना मुकादम ना मालक, तरी उन्हाळ्यात ती धान्य साठवते. धंदा होता तेव्हा चार पैसे बाजूला टाकायला हवे होते, असं मला सुचवायचं होतं.

तो हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मुयेक बँकेचो हप्तो आसना मरे, मास्तर."

मी पिशव्या घेऊन घरात गेलो.

आता बघा, हा माणूस पहाटे चारला उठून रांगेत ट्रक लावणारा. त्याला मी आळशी म्हटलं, आणि वर देवाचं नाव लावून म्हटलं. जामीन न राहण्याचा माझा हिशेब बरोबर ठरला होता, आणि तो बरोबर ठरल्याचा माज माझ्या जिभेवर होता.

त्यानंतर १३ तारखेला नेहमीप्रमाणे तेरावा अध्याय वाचत होतो. २३वं वचन. आधी शंभरदा तरी डोळ्यांखालून गेलं असेल. गरिबाच्या शेतात भरपूर पिकतं, पण अन्याय ते वाहून नेतो. म्हणजे मुंगी सांगणाऱ्या याच पुस्तकाला ठाऊक आहे की माणूस राबतो, पिकवतो आणि तरी हातात काही राहत नाही. आळस हे गरिबीचं एक कारण, एकमेव नव्हे. आमच्या भागात हे वचन अक्षरशः खरं आहे. खाणीचा गाळ उतरून भाताची शेतं बुजलेली मी पाहिली आहेत.

वडिलांच्या प्रतीत या वचनाशेजारी पेन्सिलीने बारीक रेघ आहे. मुंगीशेजारी काही नाही.

मग मी एक खेळ सुरू केला. कुठलं वचन कुणाला सांगितलं जातं ते टिपायचं. आळशाची वचनं ड्रायव्हरला, मोलकरणीला, नापास पोराला. भांडखोर बायकोपेक्षा घराच्या धाब्याचा कोपरा बरा, हे तर पुरुषांच्या बैठकीत ठरलेलं, आणि हशा ठरलेला. छडीचं वचन मुलांना, मीही वर्गात वापरलंय, लपवत नाही. पण खोटा तराजू परमेश्वराला किळसवाणा वाटतो हे अकराव्या अध्यायाचं पहिलंच वचन काटा मारणाऱ्या दुकानदाराला ऐकवलेलं मी पाहिलं नाही. पूर्वजांनी घातलेली मेर, म्हणजे शेताची हद्द, सरकवू नकोस, हे बावीसमध्ये आहे, तेवीसमध्ये पुन्हा आहे. मेर हा शब्द गोव्यात पोरालाही कळतो. लीजच्या हद्दीबाहेरचं खोदकाम हा खाणींवरच्या मोठ्या आक्षेपांपैकी एक होता. त्या काळात कुठल्या व्यासपीठावरून मेरेवर प्रवचन झालेलं माझ्या कानावर नाही. माझ्या तोंडून तर मुळीच नाही.

वचनं वरून खाली फेकली जातात. खालून वर क्वचित जातात.

आणि गंमत म्हणजे पुस्तकात ती खालून वर गेलेली आहेत. ३१वा अध्याय लग्नात हटकून वाचतात, सद्गुणी स्त्रीचा. वाचन सुरू होतं दहाव्या वचनापासून. हिब्रूत ती बावीस कडव्यांची कविता आहे, त्यांच्या वर्णमालेतल्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होणारी. सुंदर आहे, वाद नाही. पण पहिली नऊ वचनं? ती लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेली समज आहे. दारू राजाचं काम नव्हे, बाबा. मुक्यांसाठी तोंड उघड, गरिबाचा न्याय कर. मुलगा राजा झाला तरी आई त्याला सुनावते आहे. हे कुठल्या नवरदेवाला वाचून दाखवतात?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक बहीण आहेत. मुलगा दारूच्या नादी लागला. कोणीतरी त्यांना बाविसाव्या अध्यायाचं सहावं वचन ऐकवलं, मुलाला योग्य मार्ग शिकव म्हणजे म्हातारपणीही तो तो सोडणार नाही. सांगणाऱ्याला धीर द्यायचा होता. त्या बाईंनी ऐकलं ते असं, की तुम्ही शिकवलं नाही. पुढचे कितीतरी रविवार त्या उपासनेला आल्या नाहीत. हे वचन साधारण अनुभव सांगतं, त्यावर कोणी हमीपत्र लिहून दिलेलं नाही. हमी असती तर ज्याच्या नावावर हे पुस्तक आहे त्या शलमोन राजाच्याच पोराचं काय? रहबाम गादीवर बसला, लोक ओझं हलकं करा म्हणून विनवायला आले. म्हाताऱ्यांनी सांगितलं, गोड बोल. त्याने उलट धमकावलं आणि इस्राएलचे दहा वंश गमावून बसला. मऊ उत्तराने राग निवतो, हे बापाच्या संग्रहातलं सूत्र. मुलाच्या उपयोगी पडलं नाही.

आणि बायबलमधल्याच ईयोबाचे मित्र आठवा. पोरं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड, राखेत बसलेला. मित्र आले आणि सात दिवस गप्प बसले, तोवर ठीक होतं. मग बोलायला लागले. त्यांची वाक्यं सुटी काढून पाहिली तर नीतिसूत्रांत सहज खपतील. शेवटी देव म्हणतो, माझा राग तुमच्यावर भडकलाय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. शास्त्रातली वचनं सैतानालाही पाठ असतात. मंदिराच्या टोकावर प्रभू येशूला त्याने स्तोत्र ९१ मधलंच ऐकवलं होतं.

म्हणून आज सकाळी २६व्या अध्यायाच्या नवव्या वचनाशी मी पुन्हा थांबलो. मूर्खाच्या तोंडचं सूत्र म्हणजे दारुड्याच्या हातातला काटा. काही जण याचा अर्थ लावतात की काटा त्याच्याच हातात रुततो आणि त्याला कळत नाही. काही म्हणतात की तो काटेरी फांदी घेऊन झोकांड्या खातो आणि आजूबाजूच्यांना ओरबाडतो. मला दोन्ही अर्थ चालतात. त्या पायरीवर मी दोन्ही केलं होतं.

शेजाऱ्याचं पुढे काय झालं, ते विचाराल. २०१४ मध्ये बंदी उठली, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. त्याने एक ट्रक कसाबसा रस्त्यावर आणला, दुसरा आधीच गेला होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चात खाणी परत बंद. तेव्हा त्याने उरलेला ट्रकही काढला. आता तो एका हॉटेलचा टेंपो चालवतो. त्याच्या मुलीच्या बारावीच्या फीचे पैसे एका वर्षी मी दिले, न मागता. हातात असताना 'उद्या ये' म्हणू नकोस, हे तिसऱ्या अध्यायातलं. त्याला ते वचन सांगितलं नाही. पैसे त्याने दीड वर्षाने परत आणून दिले, घेणार नाही म्हटलं तर टेबलावर ठेवून गेला.

मुंगीची आठवण मात्र तो सोडत नाही. यंदा मे महिन्यात मी पिशव्या घेऊन उतरलो तर गेटपाशीच होता. "मुयो पावल्यो गे?" असं बायकोला ओरडून विचारलं त्याने, माझ्याकडे बघत.

उद्या २७वा अध्याय. त्यात चौदावं वचन आहे: जो भल्या पहाटे उठून शेजाऱ्याला मोठ्या आवाजात आशीर्वाद देतो, त्याचा तो आशीर्वाद शाप समजला जाईल. आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते टाकतोय. पहाटे पाचला.