उद्दिष्टाला दराची जोड हवी

२०७० चं 'नेट झिरो'चं, म्हणजे देशाचं कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं, उद्दिष्ट जाहीर झालं की नवं तंत्रज्ञान आपसूक येईल, हा लेखाचा सूर काही पटला नाही. खरेदीची हमी असेल तरच कारखानदार पैसे घालतो. आमच्या कोल्हापूरच्या साखरपट्ट्यातच बघा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलची मुदत आधी २०३० होती, २०२१ मध्ये ती २०२५ वर आणली. पण डिस्टिलऱ्यांना खरा जोर आला तो सी हेवी मळी (साखर जवळपास काढून घेतलेली), बी हेवी मळी (जास्त साखर उरलेली) आणि थेट उसाचा रस, अशा प्रत्येकापासूनच्या इथेनॉलला वेगळा दर मिळू लागल्यावर. मग स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, आटवून बॉयलरमध्ये जाळायची यंत्रणाही परवडू लागली. (त्या काळ्या पाण्याने नदी कशी नासते, ते पंचगंगाकाठच्या माणसाला सांगायला नको.)

आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या एका आदेशाने रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी! आठवडाभराने ती थोडी सैल केली, पण कर्ज काढून प्लांट वाढवलेल्यांची झोप उडायची ती उडालीच.

कोल्हापूरजवळच्याच शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांचं) गणित आणखी वेगळं. कोक जाळणारी क्युपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन फर्नेस येते ती मुख्यतः धातूची प्रत नीट राखता येते म्हणून. तिची वीजही बरीचशी कोळशाचीच. वितळवण्याचा लोड पत्र्यावरच्या सोलरने निघत नाही. तिथे २०७० कुणी काढत नाही, महिन्याचं वीजबिल काढतात. लेखकाने पुढचा लेख त्या बिलावर लिहावा.